पुणे वॉरियर्स: १,७०२ कोटींचा संघ तीन हंगामांत गायब कसा झाला? आणि यवतमाळच्या ठेवीदाराचा त्याच्याशी काय संबंध?

दरवर्षी २३ एप्रिल आला की रील्समध्ये एक व्हिडिओ हमखास फिरतो. बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, समोर ख्रिस गेल आणि ६६ बॉलमध्ये नाबाद १७५. शतक फक्त ३० बॉलमध्ये, सिक्स १७. कमेंटमध्ये सगळे गेलबद्दल बोलतात. बॉलिंग कोण करत होतं, हे कुणी विचारत नाही.

२०१३ च्या त्या संध्याकाळी मार खाणारी टीम होती पुणे वॉरियर्स इंडिया. बॉलर इतके हतबल झाले की त्या दिवशी कॅप्टन असलेल्या अ‍ॅरन फिंचनं शेवटी स्वतःच बॉल हातात घेतला आणि एका ओव्हरमध्ये २९ रन दिले. बेंगळुरूनं २६३ केले, पुणे १३३ वर थांबलं. २६३ चा तो आकडा आयपीएलमध्ये सर्वोच्च म्हणून २०२४ पर्यंत टिकला. पुण्याची टीम मात्र त्यानंतर महिनाभरही टिकली नाही.

आज या टीमची आठवण निघते ती मीममध्ये. पण पुणे वॉरियर्सची गोष्ट फक्त खराब क्रिकेटची नाही. ज्या तीन वर्षांत ही टीम खेळत होती, नेमक्या त्याच तीन वर्षांत तिच्या मालकाचं काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहिलं, तर गोष्ट गहुंजेच्या मैदानावरून थेट विदर्भातल्या तालुक्याच्या गावापर्यंत येते.

सुरुवात २१ मार्च २०१० ची. आयपीएलमध्ये आठाच्या दहा टीम करायच्या होत्या आणि चेन्नईत बोली उघडल्या गेल्या. सहारा समूहानं पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं १,७०२ कोटी रुपये मोजायची तयारी दाखवली. दुसरी टीम कोचीला गेली, तीही १,५३३ कोटींना. हे आकडे किती मोठे होते? २००८ मध्ये सगळ्यात महाग गेलेली मुंबई इंडियन्स ११ कोटी १९ लाख डॉलरची होती. म्हणजे दोन वर्षांत भाव तिपटीच्या पुढे गेला.

ही रक्कम दहा वर्षांत हप्त्यानं द्यायची होती. त्यामुळे पुण्याला दर हंगामाला १७० कोटी २० लाख रुपये फक्त फी म्हणून जाणार होते. खेळाडूंचे पगार, प्रवास, हॉटेल, सपोर्ट स्टाफ हे सगळं वेगळं. टीमची कमाई म्हणजे टीव्ही हक्कांतला वाटा, स्पॉन्सर आणि तिकिटं. जुन्या टीमना हे गणित जमत होतं, कारण त्यांची फी कमी होती. पुण्याला पहिल्या दिवसापासून खड्डा भरत बसायचं होतं.

मग सहारानं एवढी बोली लावली का? याचं उत्तर क्रिकेटमध्ये कमी आणि सहाराच्या स्वभावात जास्त सापडतं. हा समूह २००१ पासून भारतीय क्रिकेट संघाचा स्पॉन्सर होता. भारतीय हॉकीच्या जर्सीवर त्यांचं नाव होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलर देऊन फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडियात ४२.५ टक्के हिस्सा घेतला. एअरलाइन झाली, टीव्ही चॅनल झाले, अ‍ॅम्बी व्हॅली झाली. या सगळ्यातून एकच संदेश जात होता: हे मोठे लोक आहेत, यांच्याकडे पैसा सुरक्षित आहे. आणि हा संदेश ज्याच्यापर्यंत पोहोचवायचा होता तो माणूस स्टेडियमच्या व्हीआयपी बॉक्समध्ये बसत नव्हता. तो दुकानाच्या गल्ल्यावर बसून रोज संध्याकाळी येणाऱ्या एजंटच्या हातात पन्नास-शंभर रुपये ठेवत होता.

मैदानावर काय झालं?

जानेवारी २०११ च्या लिलावात पुण्यानं पैसा सोडला. रॉबिन उथप्पा २१ लाख डॉलर, युवराज सिंग १८ लाख डॉलर. युवराज कॅप्टन झाला आणि आयपीएलच्या तोंडावर वर्ल्ड कपचा मालिकावीरही ठरला. वातावरण छान होतं. पहिले दोन सामने टीमनं जिंकलेसुद्धा. त्यानंतर सलग सात हरली.

त्यात गंमत म्हणजे पुण्याच्या या टीमला पुण्यात मैदानच नव्हतं. पहिल्या हंगामाचे घरचे सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पुणेकरांनी आपली टीम आपल्या गावात खेळताना पाहिली ती थेट एप्रिल २०१२ मध्ये, गहुंजेचं नवं स्टेडियम उभं राहिल्यावर. त्यालाही सुब्रत रॉय सहारा स्टेडियम असं नाव होतं.

तोवर युवराज कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेर गेला होता आणि धुरा सौरव गांगुलीकडे आली होती. ५ मे २०१२ ला गांगुली पुण्याचा कॅप्टन म्हणून ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध उतरला, तेव्हा अर्धं ईडन स्वतःच्या टीमऐवजी दादाच्या बाजूनं ओरडत होतं. पुणे वॉरियर्सच्या इतिहासातला सगळ्यात भावनिक सामना हाच असेल, आणि त्यातली भावना पुण्याची नव्हती. ही टीम पुण्याची कधी झालीच नाही, असं म्हणणं त्यामुळे फार कठोर वाटत नाही.

हिशोब सांगायचा तर तीन हंगाम, ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक सामना निकालाविना. २०११ मध्ये दहात नववे, २०१२ मध्ये नवात नववे, २०१३ मध्ये नवात आठवे.

बीसीसीआयशी भांडण कशावरून?

सहाराचा मुद्दा साधा होता आणि त्यात तथ्य होतं. बोली मागवताना दहा टीमच्या हंगामात ९४ सामने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात २०११ मध्ये ७४ झाले. सामने कमी म्हणजे घरचे सामने कमी, तिकीट कमी, जाहिरात कमी. मग फीसुद्धा त्याच प्रमाणात कमी करा, असं सहारा म्हणत राहिली. बीसीसीआयनं ते मान्य केलं नाही.

४ फेब्रुवारी २०१२ ला, खेळाडूंच्या लिलावाच्या दिवशी सकाळीच सहारानं भारतीय संघाची स्पॉन्सरशिप आणि आयपीएल दोन्ही सोडत असल्याचं जाहीर केलं. युवराजच्या जागी दुसरा खेळाडू घेऊ न दिल्याची तक्रारही त्यात होती. दोन आठवड्यांच्या आत समेट झाला, पण फीचा वाद लटकत राहिला.

शेवट पटकन झाला. १९ मे २०१३ ला पुण्यात दिल्लीविरुद्ध शेवटचा साखळी सामना झाला आणि टीमनं तो जिंकला. फीचे उरलेले पैसे आले नाहीत म्हणून बीसीसीआयनं सहाराची बँक गॅरंटी वटवली. २१ मे ला सहारानं आयपीएलमधून बाहेर पडल्याचं जाहीर केलं, वर आता संपूर्ण फी माफ केली तरी परत येणार नाही असंही सांगितलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये बीसीसीआयनं करार अधिकृतपणे रद्द केला. गहुंजेच्या स्टेडियमच्या नावाचे पैसेही थकले होते. तिथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं सहाराचं नाव झाकून टाकलं.

त्याच काळात दुसरीकडे

आता हीच तीन वर्षं दुसऱ्या बाजूनं पाहू. सहाराच्या एका कंपनीनं शेअर बाजारात यायचं म्हणून सेबीकडे कागद दिले होते. ते तपासताना समूहाच्या दुसऱ्याच दोन कंपन्या लोकांकडून कर्जरोखे विकून पैसा उभा करत असल्याचं समोर आलं. या कंपन्या म्हणजे सहारा इंडिया रिअल इस्टेट आणि सहारा हाउसिंग. कंपनीचं म्हणणं, हे खासगी व्यवहार आहेत. सेबीचं म्हणणं, कोट्यवधी लोकांकडून घेतलेला पैसा खासगी कसा?

नोव्हेंबर २०१० मध्ये, म्हणजे पुण्याची टीम घेतल्यावर आठ महिन्यांनी, सेबीनं या कंपन्यांना पैसा उभारायला मनाई केली. जून २०११ मध्ये, पहिला हंगाम संपल्यावर महिन्याभरात, पैसे परत करण्याचा आदेश दिला. ३१ ऑगस्ट २०१२ ला, टीम तळाला राहिली त्याच वर्षी, सुप्रीम कोर्टानं तो आदेश कायम केला: सुमारे २४ हजार कोटी रुपये, १५ टक्के व्याजासह परत करा. गुंतवणूकदारांची संख्या जवळपास तीन कोटी.

ठेवीदारांचा पैसा थेट क्रिकेट टीममध्ये गेला, असा दावा इथे करायचा नाही. पण १७० कोटींच्या फीवरून हटून बसलेला मालक त्याच वेळी २४ हजार कोटींच्या आदेशाखाली होता, हे बाजूला ठेवून ‘७४ विरुद्ध ९४ सामने’ हा वाद समजून घेता येत नाही. आदेश पाळला नाही म्हणून सुब्रत रॉय यांना फेब्रुवारी २०१४ मध्ये अटक झाली. मे २०१६ पर्यंत ते तिहारमध्ये होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

यवतमाळ कुठे आलं यात?

यवतमाळहून पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास. आयपीएल बघायची हौस असली तरी इथल्या माणसाला जवळचं मैदान नागपूरजवळचं जामठा. पुणे वॉरियर्स जिंकली काय, हरली काय, वणी-पुसदला फरक पडायचं कारण नव्हतं. पण पिग्मी म्हटलं की सगळ्यांना कळतं. पुसद असो, दारव्हा असो की उमरखेड, किराणा, चहाटपरी, सलून, भाजीचा गाडा यांची बचत बँकेच्या काउंटरवर कमी आणि ओळखीच्या एजंटच्या डायरीत जास्त जाते. कापूस विकून हातात आलेला पैसाही घरात ठेवण्यापेक्षा कुठेतरी ‘गुंतवायचा’ असतो. सहाराचा सगळा डोलारा अशाच माणसांवर उभा होता. सेबीनं कंपन्यांना चाप लावल्यावरही समूहाच्या बहुराज्य सहकारी सोसायट्यांमधून ठेवी गोळा होत राहिल्या.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण त्यात भल्याभल्यांची गफलत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. लोक हादरले, पण ती ‘बँक’ होती, म्हणून ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ठेवीदाराला होतं. क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला हा विमा लागू नाही. पावती दिसायला सारखी, व्याज दोन टक्के जास्त, एजंट ओळखीचा. विमा मात्र शून्य.

मग पैसे परत मिळतायत का?

कर्जरोख्यांचा आकडा बघा. मार्च २०२३ अखेर सेबीच्या या प्रकरणाच्या खात्यात व्याज धरून २५ हजार कोटींहून जास्त रक्कम होती. गुंतवणूकदारांना परत गेले होते १३८ कोटी, तेही १७,५२६ अर्जांवर. सहारा म्हणते, बहुतेकांचे पैसे आम्ही आधीच परत केले होते. जुनी कागदपत्रं, चुकीची नावं, अर्धवट पत्ते यांत बाकीची गोष्ट अडकली.

याच खात्यातून ५,००० कोटी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी द्यायला सुप्रीम कोर्टानं मार्च २०२३ मध्ये परवानगी दिली. १८ जुलै २०२३ ला केंद्राच्या सहकार मंत्रालयानं सीआरसीएस-सहारा रिफंड पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला एका ठेवीदाराला जास्तीत जास्त १० हजार मिळत होते, २०२४ मध्ये मर्यादा ५० हजारांवर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये कोर्टानं आणखी ५,००० कोटी मोकळे केले आणि वाटपाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली.

दरम्यान आयपीएलमध्ये काय झालं? २०१८ ते २०२२ चे प्रसारण हक्क १६,३४७ कोटींना गेले आणि टीमची कमाई एकदम उडाली. पुणे वॉरियर्स तग धरून राहिली असती, तर १७० कोटींची फी त्यानंतर फार जड गेली नसती. पुण्याला मधल्या काळात संजीव गोएंकांची रायझिंग पुणे सुपरजायंट्स मिळाली, तीही दोनच हंगाम. २०१७ ची फायनल ती मुंबईकडून एका रननं हरली. तारीख २१ मे, सहारा बाहेर पडली त्याला बरोबर चार वर्षं. पुढे गोएंकांनीच २०२१ मध्ये लखनौची टीम ७,०९० कोटींना घेतली. २०११ मध्ये करार रद्द झालेल्या कोचीच्या मालकांनी बीसीसीआयला कोर्टात खेचलं आणि लवादानं दिलेली ५३८ कोटींची भरपाई मुंबई हायकोर्टानं जून २०२५ मध्ये कायम केली. मालकांकडे वकील होते, कराराची प्रत होती, लवाद होता.

पिग्मीवाल्याकडे पावती आणि पासबुक आहे. घरात सहाराची जुनी पावती असेल तर आधी तिच्यावर कंपनीचं नाव आहे की सोसायटीचं, ते बघा. पोर्टल फक्त चार सोसायट्यांसाठी आहे: सहारा क्रेडिट, सहारायन युनिव्हर्सल, हमारा इंडिया आणि स्टार्स मल्टिपर्पज. पहिल्या तीनमधली ठेव २२ मार्च २०२२ पूर्वीची हवी, स्टार्समधली २९ मार्च २०२३ पूर्वीची. आधार मोबाइलला आणि बँक खात्याला जोडलेलं लागतं, दावा ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर पॅन लागतं. अर्ज मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. सगळ्या ठेवींचा दावा एकाच अर्जात करायचा असतो. त्रुटी निघाली, तर ती दुरुस्त करून तोच अर्ज पुन्हा सादर करता येतो.