डिस्चार्जनंतरची शुश्रूषा
डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक बिलाच्या रांगेत असतात आणि इन्सुलिन कसे टोचायचे, हे परिचारिकेला घाईघाईत सांगून उरकावे लागते. हातातले डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत. ही शिकवण कितपत पोहोचली, हे मोजायचे कसे? अमेरिकेत ठरावीक आजारांचे रुग्ण ३० दिवसांत प्रमाणाबाहेर पुन्हा दाखल झाले, तर २०१२ पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याकडून रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेला कात्री लागते. पण त्यातून रुग्णालय मोजले जाते, परिचारिकेचे कौशल्य नव्हे. ते तपासायचे तर रुग्णाला, त्याच्या मुला-सुनेला ‘आता तुम्ही करून दाखवा’ असे सांगून पाहावे. सही घेतली म्हणजे समजले, असे नसते. मात्र एकट्या परिचारिकेवर अख्खा वॉर्ड सोपवायचा आणि वर तिला गुण द्यायचे, हा अन्याय आहे. शासनाने आधी परिचारिकांची रिक्त पदे भरावीत, मग मोजपट्टी आणावी.