किल्ला पाहणार कोण?

दिवाळीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, मंडळे त्यांच्या स्पर्धाही घेतात. परीक्षक म्हणून वर्णी लागते ती देणगीदाराची, नाहीतर निवडणुकीच्या तयारीत असलेल्या कुणाची. एका संध्याकाळी तीस-चाळीस किल्ले उरकायचे, म्हणजे नजर जाणार कारंज्यावर आणि दिव्यांच्या माळांवर. एखाद्या पोराने राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी चिखलातून नेमकी उतरवलेली असते, गोमुखी दरवाजा मुद्दाम बुरुजांच्या आड लपवलेला असतो. ते ओळखणारा डोळाच तिथे नसतो. बक्षीस मग बाजारातून आणलेल्या तयार किल्ल्याला! (मावळे मोजून गुण देणारेही आम्ही पाहिले आहेत.)

राजगड, रायगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा याच मंडळांनी अभिनंदनाचे फलक लावले होते. अभिमान आहे, आणि जाणकारांचाही दुष्काळ नाही. सुट्टीच्या दिवशी गड चढणारे अभ्यासक आहेत, चित्रकलेचे शिक्षक आहेत, मातीत हात घालणारे मूर्तिकार आहेत. त्यांना वेळेवर विचारले जात नाही, मानधनाचे तर नावच नको. मंडळांनी यंदा एक गड जाणणारा आणि एक माती जाणणारा परीक्षक आधीच ठरवावा, आणि गुण देण्यापूर्वी किल्ला करणाऱ्या मुलांना चार प्रश्न विचारण्यास त्यांना सांगावे.