पावर वाढली नाही, न्यूट्रल तुटला!

रामटेककरांनो, वादळानंतर एका घरचा टीव्ही जळतो, शेजारचा पंखा जेमतेम फिरतो आणि आपण म्हणतो, "पावर जास्त आली, नशीब!"

नशीब नाही भाऊ, बहुतेकदा डीपीचा न्यूट्रल तुटलेला असतो. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल गेला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत अडकतात. कमी लोडवाल्याकडे व्होल्टेज चढतं, जास्त लोडवाल्याकडे पडतं.

वादळ निमित्त. सैल जोड, गंजलेलं अर्थिंग ही देखभालीतली कुचराई! पावसाळ्याआधी तपासणी मागा. फ्रीज जळाला तर नुसता मेकॅनिक बोलावू नका. तारीख-वेळ टाकून लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

बिल थकलं की लाइन कापायला लगेच येता ना? मग न्यूट्रल जोडायलाही या!