गृहोपयोगी विचार : दोन रिसीव्हरांची पारख

घरांत नवा रिसीव्हर घ्यावयाचा आहे. थोरल्या बंधूंस नाट्यगीतांकरितां दोन ध्वनिक्षेपकांचा हवा, धाकट्यांस चित्रपटांकरितां पांचांचा. निर्णय कसा करावा, अशी पृच्छा रत्नागिरींतील एका परिचित कुटुंबाकडून आम्हांकडे आली आहे. पैसा एकत्र कुटुंबाचा, तेव्हां प्रश्न नाजूक खरा.

दुकानांत दोन यंत्रें एकामागून एक ऐकवितात, तेव्हां ज्याचा आवाज किंचित् मोठा तेंच मधुर वाटतें. हा कानाचा धर्मच आहे. अमेरिकेंतील फ्लेचर व मन्सन या संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतां खर्जाचे स्वर आपणांस फारच क्षीण ऐकूं येतात. तो वाढवितांच ते भरून येतात. म्हणून एकच पद, तेच ध्वनिक्षेपक, आणि दोन्ही यंत्रांच्या आवाजाची पातळी समान, असें करूनच तुलना करावी. पातळी मोजण्याची सोय हल्लीं मोबाइलवर होते; एवढ्या कामास ती पुरते. दुकानदार कंटाळला तर कंटाळूं द्यावा.

वॉटांच्या आंकड्यास भुलूं नये. शक्ति दुप्पट केली तरी पातळी ३ डेसिबेलच वाढते. आवाज दुप्पट भासावयास सुमारें दसपट शक्ति लागते. शिवाय तो आंकडा सर्व वाहिन्या एकदम चालवून काढला कीं एकच, हें विचारावें. अमेरिकेंत अशा आंकड्यांकरितां १९७४ सालीं नियमच करावा लागला.

बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या एकाच वाहिनीच्या. पांच ध्वनिक्षेपक लावल्यानें त्यांत एक तानही वाढत नाहीं. येथवर थोरल्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

परंतु त्या घरांत वृद्ध आजी आहेत. वार्धक्यांत उंच कंपनांचे ध्वनि प्रथम लोपतात, आणि स, श, फ हीं व्यंजनें बहुतांशीं त्यांवरच अवलंबून. आवाज ऐकूं येतो, शब्द कळत नाहीं. पांच वाहिन्यांच्या रिसीव्हरांत चित्रपटांतील संभाषण बहुधा मधल्या ध्वनिक्षेपकांतून येतें, व तेवढ्याचीच पातळी वाढवितां येते. मग "काय म्हणाला रे तो?" असें आजींस दर वाक्यास विचारावें लागत नाहीं, आणि विचारल्यावर कोणी चिडतही नाहीं. हा लाभ आम्ही लहान मानीत नाहीं. नाट्यगीतांच्या वेळीं त्याच यंत्रावर दोनच ध्वनिक्षेपक चालवितां येतात.

यास्तव या घरानें पांच वाहिन्यांचाच घ्यावा. मात्र तूर्त दोन बाजूंचे व एक मधला, एवढेच ध्वनिक्षेपक घ्यावे, मागचे सवडीनें.

आणखी एक. रत्नागिरीचें आकाशवाणी केंद्र १९७७ सालीं सुरू झालें तें मध्यम लहरींवर; आजच्या पुष्कळ रिसीव्हरांत त्या लहरी घेण्याची सोयच नसते. ती हवी असल्यास आधींच पाहून घ्यावें. पैसे देण्यापूर्वीं आजींस दुकानांत न्यावें, संवादाचा एखादा प्रवेश लावावा, आणि पडद्याकडे पाठ करून बसवून ऐकलेलें वाक्य पुन्हां म्हणावयास सांगावें.