"नुसतं मुरगळलंय" म्हणे!

पायाच्या घोट्याचा जेवढा घात 'नुसतं' या एका शब्दाने केलाय, तेवढा रस्त्यावरच्या खड्ड्यांनीही केला नसेल. "फ्रॅक्चर नाही ना? मग काय, नुसतं मुरगळलंय!" हे वाक्य पुण्यातल्या हापिसात ऐकू येतं आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या रोहिणखेडच्या पारावरही ऐकू येतं. शहर आणि गाव यांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पुढचे उपचार मात्र वेगळे. गावाकडे आधी पाय चोळणारा शोधायचा. मग आंबेहळद-तुरटीचा गरम लेप. कुणी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस मिळाला, तर त्याचा पाय लावून घ्यायचा. शहरात आपण पडलो शिकलेले! आपण स्प्रे मारतो, क्रेप बँडेज गुंडाळतो, पेनकिलर घेतो आणि इन्शुरन्स असेल तर एमआरआयची फाईल काखोटीला मारून फिरतो. सूज उतरली की दोन्हीकडे विषय संपला. आता सांगा, पायाळू आणि स्प्रे यांत फरक काय राहिला? (पायाळू निदान फुकट तरी असतो.)

माझं भांडण नेमकं इथे आहे. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असं नाही.

पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. हे पट्टे म्हणजे साधे दोर नव्हेत. त्यांच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल किती कललंय याची खबर ती सतत वर पाठवत असतात. आपल्या भाषेत सेन्सरच! खबर आली की स्नायू आवळले जातात आणि पाऊल सावरतं. दुखापतीनंतर पट्टा जुळून येतो, पण ही खबर आणि सावरणं यांचा मेळ बिघडलेलाच राहू शकतो. मग पुढच्या दगडावर तोच पाय, तीच बाजू. सर्व्हर रीस्टार्ट करून टिकिट क्लोज करणाऱ्याला आपण हापिसात काय काय बोलतो? स्वतःच्या घोट्याच्या बाबतीत आपण तेच करतो राव.

शहरात याची किंमत म्हणजे फार तर एखादी मॅरेथॉन हुकणं. रोहिणखेडसारख्या गावात ती वेगळी असते. तिथे पोरंपोरी पळतात ती पोलीस भरतीसाठी. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण, त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं. तिथे काही सेकंदांनी गुण जातात आणि गुणांबरोबर नोकरीही. आणि नांगरलेल्या रानात ढेकळांवरून दिवसभर चालणाऱ्या बाईला "पाय अधूनमधून दगा देतो" हे परवडतं का?

मग करायचं काय? पहिली गोष्ट, हाडाची शंका फेडून घ्यायची. त्यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ साली 'ओटावा नियम' मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखतंय? करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड लागतं त्यावर, किंवा आतल्या बाजूच्या कमानीवरच्या हाडावर दुखतंय? पडल्यावर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही चार पावलं टाकता येत नाहीत? यातलं एक जरी 'हो' असेल तर एक्स-रे काढा. सगळं 'नाही' असेल तर हाड मोडलं असण्याची शक्यता फारच कमी. लहान मुलं आणि मधुमेहामुळे पाय बधिर झालेली माणसं यांनी मात्र थेट डॉक्टरच गाठावा.

दुसरी गोष्ट, पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं बंद. आत रक्त साकळलेलं असताना ते रगडून काय मिळणार? आणि महिनाभर खाटेवर पडून राहणंही नको. आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने रूढ केलं. त्यानेच २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. दुखणं सोसेल तितकं लवकर चालायला लागायचं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी म्हणायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. सूज उतरल्यावर व्यायाम सुरू करायचा. एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. टाचा उचलायच्या. दोरीने किंवा रबराने पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं. आठ आठवडे. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनंतर घरच्या घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय तोल सांभाळायचे व्यायाम करणाऱ्यांत वर्षभरात २२ टक्के लोकांचा पाय पुन्हा मुरगळला. न करणाऱ्यांत ३३ टक्के. ना मशीन, ना फिजिओच्या रोजच्या खेपा. ओट्यावर उभं राहून होणारं काम आहे हे.

"आमच्या आजोबांचा पाय चोळूनच बरा झाला" हे उत्तर मला पाठ आहे. अहो, बहुतेक मुरगळलेले पाय दोन-तीन आठवड्यांत आपापले चालते होतात. मधे ज्याने हात (किंवा पाय!) लावला, श्रेय त्याला जातं. तोच पाय नंतर किती वेळा मुरगळला, याची नोंद कोण ठेवतो?

तेव्हा गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहावी: 'एका पायावर उभे राहणे, रोज, आठ आठवडे.' भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्यांनी रोजच्या धावण्याआधी दहा मिनिटं याला द्यावीत. २०२४ साली बुलढाण्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तिथली पोरं शिबिरांसाठी गावोगाव जातील तेव्हा एवढं जरी शिकवून आली तरी पुष्कळ.

आणि आपण? निदान 'नुसतं' म्हणणं तरी थांबवू. सोमवारी स्टँडअपला तसंही उभंच राहायचं असतं... एका पायावर राहा!