त्यांची विचारपूस कोणी करायची?

कर्करोगाशी झुंजणारा पुरुष दिसला की आपण त्याला एकच उपदेश करतो: ‘धीर सोडू नका, तुम्ही घरातले कर्ते!’ पुरुषाने घाबरायचे नाही आणि रडायचे तर मुळीच नाही, असा आपल्या समाजाचा दंडकच आहे. पण त्या कर्त्या माणसाने आपले मन कोणापाशी मोकळे करायचे?

मुंबईने कर्करोग्यांसाठी थोडे केलेले नाही. परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेने परगावच्या असंख्य रुग्णांना आसरा दिला. औषध व निवारा देणाऱ्या या हातांचे ऋण फार मोठे आहे. मनाच्या दुखण्याकडे मात्र समाजाचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो आणि तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण होय. शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग गेला की चेहरा बदलतो. चारचौघांत जेवायला बसणे नकोसे होते. स्वरयंत्र काढावे लागले तर पूर्वीचा आवाज कायमचा जातो. प्रोस्टेट ग्रंथीवरील उपचारांनंतर लघवीवरचा ताबा किंवा शरीरसुखाची क्षमता कमी झाली, तर ते दुःख तो पत्नीलाही सांगत नाही. त्यातच ‘तंबाखू खाल्लीत, आता भोगा!’ हा आप्तेष्टांचा आहेर. अशा टोमण्यांनी रोग बरा होत नाही. रोगी तो लपवू लागतो आणि उपचारांची मोलाची वेळ निघून जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात, मग ते जिल्ह्याच्या गावचे का असेना, समुपदेशक असलाच पाहिजे. या रोगातून उठलेल्यांची नव्या रुग्णांशी नियमाने गाठ घालून द्यावी. आवाज गमावून पुन्हा बोलायला शिकलेला माणूस जो धीर देईल, तो दहा व्याख्यानांनी यायचा नाही! मालकांनी बऱ्या झालेल्या कामगाराला झेपेल ते काम द्यावे. आणि स्नेह्यांनी? शेजारी बसल्याने कर्करोग जडत नाही. तेव्हा त्यांनी निःशंकपणे जावे, उपदेश आवरावा आणि त्याचे ऐकून घ्यावे. त्याचे डोळे भरून आले, तर येऊ द्यावेत. त्यात त्याच्या पौरुषाला कसलाही कमीपणा नाही!