झिजणारी तलवार आणि अक्षय भाता

संगणकावरच्या भूमिकाप्रधान खेळांत तलवार वापरून झिजली पाहिजे, चिलखत फाटले पाहिजे, नाहीतर खेळणारा त्या जगात रमत नाही, असे मत आमचे विद्यार्थी मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. कारणही तयार असते : प्रत्यक्षात वस्तू झिजतातच ना! मराठी समीक्षेच्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा. तपशील जितका अधिक तितकी कादंबरी अधिक खरी, हाच तो जुना भाबडा वास्तववाद. कागदावरून पडद्यावर आला, एवढेच.

पुरावा मात्र उलट साक्ष देतो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) शस्त्रे झिजतात. पण दुरुस्ती कशी होते? यादी उघडायची, हातोडी निवडायची आणि घसरलेला आकडा पुन्हा वर न्यायचा. हे जगणे नव्हे, ही वाण्याची खतावणी. त्याच मालिकेतल्या 'स्कायरिम'ने (२०११) ही झीज काढून टाकली. तरी माणसे त्या जगात वर्षानुवर्षे रमली. काटेकोरपणे भूमिकाप्रधान न म्हणता येणाऱ्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) तर तलवार थोड्याच घावांत तुटते. कोणाही लोहाराला हसू यावे इतकी ती ठिसूळ! पण ती ऐन लढाईत तुटते, आणि हाती लागेल ते उचलावे की पळावे, हे त्याच क्षणी ठरवावे लागते. अवास्तव झीज खिळवून ठेवते आणि वास्तवाचा दावा करणारी कंटाळा आणते. तेव्हा मर्म वास्तवात नसून परिणामात आहे.

तांब्यापितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिकात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. पितळी पातेल्याची कल्हई गेली, हे कोणत्याही पट्टीवरून कळत नाही. आमटी कळकते तेव्हा कळते. मग निखाऱ्यावर तापलेले भांडे, नवसागराचा धूर, कथलाचा हात आणि पुन्हा उजळलेला तळ. झीज जिभेला कळते आणि दुरुस्ती डोळ्यांदेखत घडते. 'किंगडम कम : डिलिव्हरन्स'मध्ये (२०१८) खेळणारा स्वतः दगडी चाक फिरवून पात्याला धार लावतो. तिथली झीज रुचते ती याच कारणाने.

महाभारताइतका या प्रश्नाचा विचार कोणी केला आहे? अर्जुनाचा भाता अक्षय आहे, आणि युद्धाच्या वर्णनात त्यामुळे कुठेही पोकळपणा येत नाही. पण कृष्ण गेल्यावर, मौसलपर्वात, द्वारकेच्या स्त्रियांना आभीरांपासून वाचवताना तोच भाता रिता होतो. तिथे बाण संपत नाहीत, एक युग संपते. कर्णाची वासवी शक्ती तर एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी राखलेली ती घटोत्कचावर खर्च होते आणि युद्धाचे पारडे फिरते. व्यासांनी प्रत्येक बाणाची झीज मोजली नाही. जी मोजली, ती मोडता येणार नाही अशा ठिकाणी ठेवली.

यावर आक्षेप येईल की, खेळ म्हणजे काव्य नव्हे. त्यातल्या जगाचे नियम सर्वत्र सारखेच हवेत. मान्य. पण नियम त्या जगाचे हवेत, आपल्या जगाचे नव्हेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'मध्ये (२०२०) नायिकेला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो. देवीने दिलेला त्रिशूळ बोथट होत नाही, हाच तिथला नियम, आणि तो पुरेसा आहे.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली : वाचक स्वतःचे भान राखूनच दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. खेळणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नाही. तो योद्धा असतो आणि खुर्चीत बसलेला माणूसही असतो. दर दहा मिनिटांनी आकडा वर न्यायला लावणारी झीज यातला योद्धा पळवते आणि कारकून मागे ठेवते. विकल्प उरतो, समाधी जाते.

तेव्हा तलवार झिजते का, हा प्रश्न आता पुरे. ती तुटल्यावर कोणाचे काय बिघडते, ते विचारा. उत्तर 'काही नाही' असे येत असेल, तर ती झीज वास्तव नसून निव्वळ कटकट आहे.